पत्रिकेवर सात, स्टेजवर साडेआठ

तुळशीचं लग्न लागलं की आपल्या व्हॉट्सअॅपवर पत्रिकांचा पाऊस सुरू होतो. त्यातली एखादी उघडून नीट वाचा. मुहूर्त अगदी मिनिटापर्यंत छापलेला असतो. त्याखाली एक ओळ असते, ‘स्वागत समारंभ : सायं. ७ ते १०’. मुहूर्त गाठण्यासाठी गुरुजी, मामा, करवली सगळे धावपळ करतात. रिसेप्शनची वेळही पाळायची असते, हे मात्र कुणाच्या गावीही नसतं. तुम्ही तरी सातच्या रिसेप्शनला सातला जाता का?

उशीर नेमका कुठे होतो? दुपारी लग्न लागतं, पंगती उठेपर्यंत चार वाजतात. मग नवरी मेकअपला बसते. नऊवारी उतरून लेहंगा, नवी हेअरस्टाईल यात दोन-अडीच तास सहज जातात. त्यानंतर कपल शूट, मग धूर सोडून ‘एंट्री’, मग मित्रमैत्रिणींचा डान्स. पाहुण्यांना भेटायला जोडपं स्टेजवर उभं राहतं तेव्हा साडेआठ झालेले असतात. आणि कबूल करूया, शूट, एंट्री आणि डान्स या आपल्याच पिढीच्या हौशी आहेत. त्यामुळे दर वेळी काका-मामांच्या नावाने बोटं मोडून चालणार नाही.

सुरुवात कितीही लांबली तरी शेवट लांबत नाही. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर लावता येत नाही. वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस राज्य सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं, पण ती सांस्कृतिक किंवा धार्मिक सणांसाठी असते. तुमच्या दादाचं लग्न त्यात बसत नाही. म्हणजे लॉनवरचं रिसेप्शन दहाला आवरायलाच हवं. हा नियम जाचक वाटत असेल, तर लॉनच्या मागच्या बिल्डिंगमध्ये सेमिस्टरचा अभ्यास करत बसलेल्या मुलीला विचारा.

आता साधा हिशेब करू. पाचशे पाहुणे म्हणजे कुटुंबं आणि ग्रुप धरून साधारण दीडशे फोटो. एका फोटोला चाळीस सेकंद धरले, तरी शंभर मिनिटं होतात. साडेआठला सुरू केलं तर शेवटचा फोटो दहा वाजून दहा मिनिटांनी. साडेसातला सुरू केलं तर नऊ वाजून दहा मिनिटांनी, आणि जेवायला पाऊण तास उरतो. हा एक तास कुणाच्या वाट्याला येतो, ते पाहा. लांबून आलेले पाहुणे शेवटची एसटी किंवा लोकल चुकेल म्हणून आहेराचं पाकीट मित्राकडे देऊन न जेवता निघतात. जोडपं सगळ्यात शेवटी, गार झालेलं जेवतं.

आणि वाढपी? एसवायला असताना मी पॉकेटमनीसाठी काही महिने केटरिंगला जायचे. तुमच्या वर्गातलंही कुणीतरी जात असेल. ठरलेली वेळ अकराची होती. त्या रात्री स्टेजवरची रांग संपेना. शेवटचं ताट उचललं तेव्हा साडेबारा झाले होते. पैसे ठरलेलेच मिळाले. रिक्षा मिळेना, म्हणून आम्ही तिघी चालत होस्टेलवर गेलो. महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा सांगतो की, रात्री साडेनऊनंतर बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती हवी आणि तिला घराच्या दारापर्यंत सोडण्याची सोयही हवी. आम्हाला हे तेव्हा माहीतही नव्हतं. उशीर यजमानांचा होता, रात्र आमची गेली.

‘ऑफिस सुटून, ट्रॅफिकमधून लोक सातला येणार कसे?’ हा प्रश्न रास्तच आहे. मग पत्रिकेवर साडेसात छापा आणि साडेसातलाच सुरू करा. पाहुणे उशिरा येतात, कारण यजमान उशिरा सुरू करणार हे त्यांना अनुभवाने पाठ झालेलं असतं. वेळ पाळणारे पाहुणे हवे असतील, तर सुरुवात यजमानांनीच करायला हवी.

म्हणून घरातल्या पुढच्या लग्नाचं नियोजन दहापासून उलटं करा. दहाला लॉन रिकामं, सव्वानऊपर्यंत फोटो आटोपलेले, साडेसातला जोडपं स्टेजवर, सातला मेकअप संपलेला. शूट सकाळी किंवा आदल्या दिवशी उरका. डान्स दोनच ठेवा. जेवण पहिल्या पाहुण्यासाठी सुरू करा, स्टेजची वाट पाहू नका. आजी-आजोबा आणि लांबचे पाहुणे रांगेत आधी घ्या. आणि केटररशी बोलताना एक प्रश्न नक्की विचारा : वाढणाऱ्या मुली रात्री घरी कशा जाणार?