चेक नको, दोन तास द्या

गेली काही वर्षे आपल्या मंडळींची दहावीस कुटुंबे एकत्र जमली की एक विषय हटकून निघतो: अमेरिकेत आपल्या बेने इस्राएल समाजाचा स्वतःचा हॉल हवा, आणि जमल्यास त्याला जोडून एक वृद्धाश्रम हवा. मलिद्याची ताटे रिकामी होतात, चहा फिरतो, कोणीतरी उभे राहून अंदाजे खर्चाचा आकडा सांगतो, टाळ्या पडतात आणि पुढल्या सणापर्यंत विषय मिटतो. हॉल अजून झालेला नाही. मी स्पष्टच लिहिते, तो झाला नाही हे बरेच झाले. हे वाचून काहींना राग येईल. येवो. नर्सच्या कामात कडू औषध गोड बोलून पाजावे लागते. ते काम मी पुष्कळ वर्षे केले. आता निवृत्त झाल्यावर गोड बोलण्याची सक्ती उरलेली नाही.

माझे म्हणणे थोडक्यात असे. आपल्या म्हाताऱ्या माणसांना जे हवे आहे, म्हणजे दुपारचे गरम जेवण, बोलायला माणूस, डॉक्टरकडे न्यायला सोबत, सरकारी कागद वाचून समजावून सांगणारे कोणी, ते सर्व आपल्या राहत्या वस्तीत, बहुधा चालत जाण्याच्या अंतरावर आहे. ते आपण घेत नाही, आणि ते चालवायला हातही लावीत नाही. जे शेजारी आहे त्याकडे पाठ फिरवून जे नाही त्यासाठी वर्गणी गोळा करणे, याला समाजकार्य म्हणत नाहीत.

क्वीन्समध्ये राहणाऱ्यांसाठी फॉरेस्ट हिल्सची हकीगत सांगते. १९७१ साली तेथे शहराने गरीब कुटुंबांसाठी चोवीस मजल्यांच्या तीन इमारती, एकूण ८४० घरे, बांधावयास घेतली, तेव्हा आसपासची मध्यमवर्गीय वस्ती रस्त्यावर उतरली. त्या वस्तीत ज्यू मोठ्या संख्येने होते, हे लपवण्यात अर्थ नाही. महापौर लिंडसे यांनी १९७२ साली मारिओ कुओमो या वकिलांना मध्यस्थ नेमले. हेच पुढे राज्याचे गव्हर्नर झाले. त्यांनी तोड काढली: मजले बारा, घरे ४३२, आणि त्यांतली बरीच वृद्धांसाठी. १९७५ साली तेथे लोक राहावयास आले, आणि त्याच वर्षी त्याच वसाहतीत फॉरेस्ट हिल्स कम्युनिटी हाउस सुरू झाले. तेच आजचे क्वीन्स कम्युनिटी हाउस. ज्या जागेवरून शेजाऱ्याने शेजाऱ्याला येऊ नको म्हटले, त्या जागेवर पुढे वृद्धांची जेवणाची पंगत बसू लागली, परदेशातून आलेल्यांचे इंग्रजीचे वर्ग भरू लागले, शाळा सुटल्यावर मुलांना बसायला जागा झाली. भांडणाऱ्या लोकांना हे जमले. आपले तर कोणाशी भांडणही नाही, आणि तरी आपण तेथे नाही.

का नाही, हे मी पुष्कळांना विचारले. पहिले उत्तर नेहमी एकच: “सिस्टर, ते गरिबांसाठी असते हो. आपली मुले डॉक्टर, इंजिनियर. आपण तेथे जाऊन जेवायचे म्हणजे लोक काय म्हणतील?”

ही समजूत साफ खोटी आहे. १९६५ साली या देशात ओल्डर अमेरिकन्स ॲक्ट हा कायदा झाला. १९७२ साली त्यात वृद्धांच्या जेवणाची देशव्यापी योजना आली. तिची अट वयाची आहे, गरिबीची नाही. साठ वर्षे पूर्ण झालेला कोणीही येऊ शकतो. उत्पन्नाचा दाखला मागून कोणाला परत पाठवायचे नाही, असा नियम आहे. जेवणाची किंमत आकारीत नाहीत. स्वेच्छेने जे टाकाल ते पेटीत टाकावे. ज्याला ऐपत आहे त्याने पेटीत जास्त टाकावे, म्हणजे शेजारच्याची सोय होते. आपल्या कराच्या पैशांतून चाललेल्या पंगतीत बसणे ही भीक असेल, तर सार्वजनिक वाचनालयातून पुस्तक आणणे हीसुद्धा भीकच म्हणावी लागेल.

या खोट्या अभिमानाची किंमत काय पडते, तेही लिहिते. आमच्या ओळखीतल्या एक मावशी, अलिबागकडच्या, नवरा गेल्यावर तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहत होत्या. मुलगा दूरच्या राज्यात, भला माणूस, रोज नाही पण दिवसाआड फोन करणारा. घरपोच जेवणाची योजना त्यांना सुचवली होती. घरच्यांनी नको म्हटले. कारण वर दिले तेच. एका शुक्रवारी संध्याकाळी मावशी न्हाणीघरात पडल्या. खुब्याचे हाड मोडले. रविवारी दुपारी इमारतीच्या सुपरने दार उघडले तोवर त्या तेथेच होत्या. माणूस इतके तास फरशीवर पडून राहिला की नुसत्या हाडाचा प्रश्न राहत नाही. दबलेले स्नायू मोडतात, त्यांतले द्रव्य रक्तातून मूत्रपिंडात जाते, पाणी पोटात नसल्यामुळे मूत्रपिंडे बंद पडू लागतात. मावशी तीन आठवड्यांनी गेल्या. समाजाने फुले पाठवली, प्रार्थनेला गर्दी झाली, त्यांच्या नावाने हॉलच्या फंडात चेकही दिले गेले.

घरपोच जेवण देणारा माणूस डबा दाराशी ठेवून पळत नाही. तो दार वाजवतो, माणूस डोळ्यांनी पाहतो. दार उघडले नाही तर कचेरीत कळवतो आणि कचेरी घरच्यांना फोन करते. १९५४ साली फिलाडेल्फियात या देशातली पहिली घरपोच जेवणाची योजना सुरू झाली तेव्हापासून डब्याइतकेच महत्त्व त्या दार वाजवण्याला आहे. ठरल्या दिवशी मावशींचे दार वाजले असते तर त्या वाचल्याच असत्या असे मी म्हणणार नाही. पण इतका वेळ न्हाणीघरात एकट्या पडून राहिल्या नसत्या. आपल्या हॉलचे दार वर्षातून चार सणांना उघडले असते. त्याचा त्यांना काय उपयोग?

दुसरे उत्तर जास्त विचार करण्याजोगे आहे. आपल्या म्हाताऱ्यांना आपले जेवण, आपली भाषा, आपली तफिल्ला लागते. परक्या लोकांत त्यांचा जीव रमत नाही. यात तथ्य आहे. आयुष्यभर फिशकरी आणि खोबऱ्याच्या दुधाची आमटी खाल्लेल्या माणसाला उकडलेली गाजरे गोड लागत नाहीत, हे मला कोणी सांगावयास नको. पण यावर उपाय कोणता? केंद्रात जाऊन मागणी करणे. कोशर जेवण कित्येक ठिकाणी मिळते, ते आधीच्या ज्यूंनी मागितले म्हणून मिळते. जेथे चिनी वृद्ध जमले तेथे भात आणि चिनी भाज्या आल्या, कारण ते मोठ्या संख्येने येऊन बसले आणि त्यांच्या समाजातले लोक तेथे कामाला व मदतीला उभे राहिले. रिकाम्या खुर्चीसाठी स्वयंपाकी आमटी करीत नसतो. आठवड्यातून एक दिवस आपल्या पाच बाया त्या केंद्रात मराठी बोलत बसल्या तर तेथे मराठी आली. त्यासाठी आर्किटेक्ट लागत नाही.

आणि वृद्धाश्रमाचे म्हणाल, तर म्हाताऱ्यांना उचलून एका इमारतीत नेण्यापेक्षा ते जेथे म्हातारे झाले तेथेच मदत नेणे शहाणपणाचे, हे या शहरात १९८६ पासून करून दाखवलेले आहे. त्या वर्षी मॅनहॅटनमधल्या पेन साउथ या सहकारी वसाहतीत, जेथे तरुणपणी आलेले रहिवासी तेथेच वृद्ध झाले होते, ज्यू फेडरेशनच्या मदतीने घरच्या घरी नर्स, समाजसेवक आणि विरंगुळ्याचे कार्यक्रम अशी सोय झाली. पुढे राज्याने व शहराने त्याच नमुन्याला पैसे दिले आणि देशभर त्याचे अनुकरण झाले.

आपल्याच धंद्यातले एक नाव येथे घेतले पाहिजे. लिलियन वॉल्ड ही जर्मन ज्यू घराण्यातली नर्स. १८९३ साली तिने मेरी ब्रूस्टर या मैत्रिणीबरोबर न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडच्या गरीब वस्तीत राहावयास जाऊन घरोघर शुश्रूषा सुरू केली. त्यातूनच हेन्री स्ट्रीट सेटलमेंट उभे राहिले. १९१३ पर्यंत तिच्याकडे ९२ नर्सेस होत्या आणि वर्षाला २,००,००० घरभेटी होत होत्या. १९०२ साली शहराच्या शाळांत पहिली नर्स गेली ती हेन्री स्ट्रीटची. पैसे जेकब शिफ यांच्यासारख्या ज्यू धनिकांनी दिले. पण नर्स जिना चढताना वर ज्यू आहे, आयरिश आहे की इटालियन, हे विचारीत नसे. ज्याला परवडेल त्याने थोडी फी द्यावी, म्हणजे त्याची मान ताठ राहते, हेही तिनेच पाहिले. तिने चेक घेतले, नाकारले नाहीत. मात्र आधी ती स्वतः त्या वस्तीत राहावयास गेली होती.

आपल्याकडे पाहू या. डॉ. जेरुशा झिराड यांचा आपण अभिमान सांगतो, १९६६ सालची त्यांची पद्मश्री भाषणात सांगतो. त्या १९२८ ते १९४७ मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या प्रमुख होत्या. ते हॉस्पिटल एका पारशी दात्याच्या नावाचे, आणि तेथे बाळंतपणाला येणाऱ्या बाया सर्व जातिधर्मांच्या. बाईंनी समाजासाठीही काम केले. पण आपले हॉस्पिटल बांधून होईपर्यंत थांबते, असे त्या म्हणाल्या नाहीत. त्याआधीचे आपले पूर्वज तर कोकणातले घाणेवाले. शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून गावाने त्यांना शनिवार तेली म्हटले. उरलेले सहा दिवस त्यांचे तेल साऱ्या गावाच्या दिव्यांत जळत होते. शेजाऱ्यापासून अलग राहून आपण टिकलो, हा समज त्या इतिहासाला धरून नाही. शब्बाथ पाळून आणि शेजाऱ्याच्या कामी पडून टिकलो.

आता चेकविषयी. पैसे नकोत असे मी म्हणत नाही. पण जेथे माणूस लागतो तेथे पैसा चालत नाही, आणि हे कायद्यालाही कळते. १९८२ साली मेडिकेअरमधून हॉस्पिसच्या सेवेचा खर्च द्यावयाचे ठरले. त्यात अशी अट आहे की पगारी माणसे रुग्णांसाठी जितके तास देतात त्याच्या किमान ५ टक्के तास स्वयंसेवकांचे असले पाहिजेत. मरणाऱ्या माणसाजवळ कोणीतरी पगाराशिवाय बसावे, हे सरकारने लिहून ठेवले. आपण त्याला बिक्कुर होलीम म्हणतो आणि शिकलेले आहोत, करणारे किती?

काम कोणते करावयाचे, असे विचाराल तर पाहा. वृद्धांना मेडिकेअरची निवड समजावून देणारी शिप नावाची योजना प्रत्येक राज्यात आहे. तिचे समुपदेशक पुष्कळदा निवृत्त लोकच असतात आणि शिक्षण फुकट मिळते. दरवर्षी १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर या दिवसांत आपल्या किती घरांत चुकीची योजना निवडली जाते, ते मी पाहिले आहे. नर्सिंग होममधल्या तक्रारी ऐकणारी ऑम्बुड्समनची योजना आहे. तीही स्वयंसेवकांवर चालते. ज्याला गाडी चालवता येते त्याने डबे पोचवावेत. ज्याला चालवत नाही त्याने एकट्या माणसाला ठरल्या वेळी रोज फोन करावा.

डॉक्टरकडे सोबत जाणाऱ्यांना मात्र एक ताकीद. दुभाष्याचे काम आपण करू नका, आणि नातवंडांकडून तर मुळीच करवू नका. आजीचा कॅन्सर बारा वर्षांच्या मुलाने तिला सांगावा, किंवा मुलाने तो प्रेमापोटी गाळून सांगावा, हे दोन्ही प्रकार मी खाटेशेजारी उभी राहून पाहिले आहेत. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यापासून केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या हॉस्पिटलावर भाषेची सोय करण्याची जबाबदारी येते. सोबत्याने एवढेच करावे: शेजारी बसावे आणि दुभाष्या येईपर्यंत कागदावर सही होऊ देऊ नये.

तरुणांबद्दल एक शब्द. कॉलेजच्या अर्जात लिहिण्यासाठी साठ तास भरून, दाखला घेऊन, पुन्हा न फिरकणाऱ्या मुलांना दोष देणे सोपे आहे. ती मुले आपल्याच घरी शिकली. आईबाप कधी कोणाच्या दारी गेलेले त्यांनी पाहिलेच नाही.

म्हणून पुढच्या सभेत हॉलचा ठराव बाजूला ठेवून दोन याद्या कराव्यात, असे माझे सांगणे आहे. पहिली, आपल्यातले साठीच्या पुढचे कोण एकटे राहतात त्यांची, पत्त्यासह आणि त्यांच्या संमतीने. दुसरी, आठवड्यातून दोन तास कोण देतो त्यांची. आकडा नको, वार आणि वेळ लिहावी. यादीतल्या प्रत्येक माणसाचे नाव त्याच्या वस्तीतल्या केंद्रात नोंदवावे, आणि दोन तास देणाऱ्यानेही त्याच केंद्रात नाव द्यावे, म्हणजे आपल्या मावशीबरोबर तिच्या शेजारच्या बुखारी आजीचेही दार वाजेल. दुसरी यादी कोरी राहिली तर हॉल कोणासाठी बांधतो आहोत, ते तरी सर्वांना कळेल.

आपले वाडवडील किप्पूरला दारफाळणीचा सण म्हणत. दारे लावून घेण्याचा तो दिवस वर्षातून एकच आहे. बाकीच्या दिवसांची दारे उघडी ठेवावयाची असतात.