आधी डिपॉझिट द्या, मग उपदेश

तरुण मुलांना थेट रोख मदत द्यावी की नाही, यावर आपल्याकडे फार गंभीर चेहऱ्याने बोललं जातं. जणू असलं काही या देशात कधी घडलंच नाही! अहो, ही योजना घराघरांत चालू आहे. पुण्यात पीजी मिळाली, डिपॉझिट हवंय, असा मेसेज गेला की पाच मिनिटांत बाबांचे पैसे गुगल पेवर येतात. अर्ज नाही, उत्पन्नाचा दाखला नाही, पैसे कशावर उडवलेस म्हणून चौकशी समिती नाही. नोकरी सुटली तर तीन महिने घरी राहून पुढची शोधायची. याला कुणी रेवडी म्हणत नाही. याला आपण ‘घरचा आधार’ म्हणतो.

ज्याच्या मागे घरच नाही त्याला तेवढाच आधार सरकारने द्यावा, असं म्हटलं की मात्र सगळ्यांना एकदम अर्थशास्त्र आठवतं.

मी मुरब्याची. आमच्याकडे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. दोन महिने होड्या किनाऱ्यावर, कमाई बंद. तरी गाव रस्त्यावर येत नाही, कारण डोक्यावर स्वतःचं छप्पर असतं आणि माळ्यावर सुकवलेले बोंबील असतात. पैसे न येणाऱ्या दिवसांतून माणूस तरतो तो कष्टाळू आहे म्हणून नव्हे, मागे काहीतरी साठलेलं आहे म्हणून. हे आमच्या कोळणींना कुणी शिकवावं लागत नाही.

आता शेजारच्या बोईसरला या. तारापूर एमआयडीसीत कामाला जव्हार-मोखाड्यापासून बिहारपर्यंतची पोरं येतात. समजा, अठरा वर्षांचा मुलगा १ तारखेला ठेकेदाराकडे लागला. पगार पुढच्या महिन्याच्या १० तारखेला. म्हणजे चाळीस दिवस हातात दमडी नाही. समजा खोलीचं भाडं ४,०००, डिपॉझिट २०,०००. हा मुलगा ते कुठून आणणार? तो दहाजणांच्या खोलीत घुसतो. एक पाळी कामावर गेली की तिच्या चटईवर दुसरी झोपते. किंवा ठेकेदाराकडून उचल घेतो आणि मग पगार कापला गेला तरी तोंड उघडत नाही. आजारी पडला, काम सुटलं, की चटईही सुटते.

हा मुलगा बेघर आहे की नाही? सरकारी हिशेबात नाही. जनगणनेत बेघर म्हणजे रस्त्याकडेला, फुटपाथवर, पुलाखाली, पाइपात उघड्यावर राहणारा. २०११ साली असे सुमारे १७.७ लाख लोक देशभरात मोजले गेले. चटईवाला त्यात बसत नाही. आणि मुलगी तर कधीच बसत नाही. कारण छप्पर गमावलेली मुलगी फलाटावर दिसायच्या आत कुणा नातेवाइकाच्या घरी फुकट राबायला जाते, नाहीतर तिचं लग्न लावून टाकतात. मुलाचं बेघरपण निदान दिसतं तरी. मुलीचं आपण लग्नपत्रिकेखाली झाकतो.

यावर राज्याकडे काहीच नाही, असं मी म्हणणार नाही. वसतिगृहात जागा न मिळालेल्या आदिवासी विद्यार्थ्यांसाठी ‘स्वयम्’ आणि अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी ‘स्वाधार’ या योजना २०१६-१७ पासून आहेत. राहण्या-जेवण्याचे पैसे थेट खात्यात येतात. मुंबई-पुण्यात वर्षाला ६०,००० रुपये. म्हणजे रोख दिली की मुलं बिघडतात, हा सिद्धांत आपल्याच सरकारने कधीच मोडीत काढला आहे. अडचण दोन ठिकाणी आहे. हप्ते उशिरा येतात ही विद्यार्थ्यांची जुनी तक्रार, आणि घरमालक शासन निर्णय वाचून थांबत नाही. दुसरं, कॉलेज सुटलं की पैसेही सुटले. ज्या दिवशी छप्पर जाण्याचा धोका सर्वांत जास्त, नेमक्या त्याच दिवशी मदत बंद!

बालगृहातून अठराव्या वर्षी बाहेर पडणाऱ्यांचं काय? २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम ४६ सांगतं की अशा मुलांना आर्थिक साहाय्य ‘देता येईल’. ‘द्यावंच लागेल’ असं नाही. मिशन वात्सल्यच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत या मुलांसाठी दरमहा ४,००० रुपयांची तरतूद आहे. वर मांडलेल्या हिशेबात हे एका खोलीचं भाडं झालं. डिपॉझिट कोण देणार, आणि जेवायचं काय?

लाडक्या बहिणीचे १,५०० रुपये एकविसाव्या वर्षापासून सुरू होतात. अठरा ते एकवीस ही तीन वर्षं मुलगी कुणाचीच लाडकी नसते. भाऊ तर त्या यादीतच नाही.

आता नेहमीचा आक्षेप: दारूत उडवतील. कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये २०१८ साली बेघर माणसांना एकरकमी ७,५०० डॉलर बिनशर्त देऊन पाहिले. वर्षभरात त्यांचे बेघरपणाचे दिवस पैसे न मिळालेल्यांच्या तुलनेत सरासरी ९९ ने कमी झाले. दारू-सिगारेटवरचा खर्च वाढला नाही. वेल्सने २०२२ मध्ये सरकारी देखभालीतून बाहेर पडणाऱ्या अठरा वर्षांच्या मुलांना दोन वर्षं दरमहा १,६०० पौंड द्यायला सुरुवात केली. वेल्स आणि पालघर एक नाही, कबूल. पण आपल्या पोरांवर तिथल्याइतकाही विश्वास टाकायचा नाही, याचं कारण गरिबी नाही, आपली नजर आहे.

एक आक्षेप मात्र मी डोक्यावर घेते. २०१८ मध्ये सरकारने आदिवासी वसतिगृहांतल्या खानावळी बंद करून जेवणाचे पैसे खात्यात टाकायचं ठरवलं, तेव्हा विद्यार्थी पुण्याहून नाशिककडे चालत निघाले. त्यांचं बरोबर होतं. ताट काढून घेऊन हातात नोटा ठेवणं ही मदत नव्हे, ते अंग काढून घेणं आहे. म्हणून माझी मागणी नीट ऐका: वसतिगृह हवंच, खानावळ हवीच, आणि त्यावर रोख.

किती? बालगृह, आश्रमशाळा किंवा वसतिगृह सोडणाऱ्या आणि मागे घर नसलेल्या प्रत्येकाला एकदा २०,००० रुपये, आणि पुढे वर्षभर दरमहा ६,०००. एकूण ९२,०००. सहा हजारांचा आकडा माझ्या मनाचा नाही. २०२४ च्या मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेत बारावी पास तरुणाला सरकारने तोच ठरवला आहे. पैसे बाहेर पडण्याच्या दिवशी खात्यात हवेत, सहा महिन्यांनी नव्हे. अट एकच: वय. हजेरी नको, हमीपत्र नको, जामीनदार नको. जामीनदार असता तर तो मुलगा तुमच्या दारात आलाच नसता.

पैसे कुठून आणायचे, असं विचाराल. याच जिल्ह्यात वाढवण बंदराचं भूमिपूजन ३० ऑगस्ट २०२४ ला झालं. खर्च ७६,००० कोटींच्या वर. आमच्या मुरब्याच्या किनाऱ्यावरही बंदर येऊ घातलंय. प्रत्येक सभेत स्थानिक तरुणांचं नाव घेतलं जातं. मोबदला मात्र सातबाऱ्यावरचं नाव बघून ठरतो. अठरा वर्षांच्या, भाड्याच्या चटईवरच्या पोराचं नाव कुठल्या उताऱ्यावर असणार? तरुणांच्या नावाने हजारो कोटी उभे करता येतात आणि तरुणाच्या खात्यात ९२,००० टाकता येत नाहीत, हे मला कुणीतरी नीट समजावून सांगावं.

तुम्ही हे फोनवर वाचताय. त्याच फोनमध्ये घरून आलेल्या पैशांची यादी असेल. एकदा वर सरकवून बेरीज करा. आणि मग ठरवा, फुकटचं कोण खातंय.