इन्सुलिनच्या बाटलीचे रबरी बूच

इन्सुलिन सुरू करताना आम्ही डॉक्टर रुग्णाला किती युनिट, जेवणाआधी किती वेळ, पोटावर कुठे टोचायचे हे सगळे सांगतो. बाटलीच्या तोंडावरच्या रबरी बुचाबद्दल मात्र बहुधा काहीच सांगत नाही. माझ्या मते ही आमची मोठी चूक आहे.

साधा हिशेब करा. आपल्याकडच्या १० मिलीच्या बाटलीत, दर मिलीला ४० प्रमाणे, ४०० युनिट असतात. सकाळी १० आणि संध्याकाळी १० युनिट घेतल्यास ती २० दिवस पुरते. म्हणजे एकाच बुचाला ४० वेळा सुई टोचली जाते! सुई काढली की रबर छिद्र मिटवते, पण बुचावरचे जंतू सुईबरोबर आत जाऊ शकतात.

"डॉक्टर, नवी बाटली तर निर्जंतुक असते ना?" आतले औषध असते. पण वरचे प्लास्टिकचे टोपण फक्त धुळीपासून वाचवते. त्याखालचे बूच निर्जंतुक असेलच असे नाही. म्हणून पहिल्या वेळेसह दरवेळी बूच स्पिरिटच्या बोळ्याने पुसा आणि वाळू द्या.

काही जण सोयीसाठी एक सुई बुचातच टोचून ठेवतात. हे कधीही करू नका. ते दार सताड उघडे ठेवण्यासारखे आहे. बोथट सुईही नको; तिने रबराचा कण तुटून औषधात पडू शकतो. तरंगणारे तुकडे दिसले तर ती बाटली वापरू नका.

इन्सुलिनमधील संरक्षक द्रव्य जंतूंची वाढ रोखते, पण हिपॅटायटिस बी सारख्या विषाणूंपुढे त्याचा भरवसा नाही. म्हणून घरात दोघांना मधुमेह असला तरी बाटल्या वेगळ्या हव्यात.

बूच पहिल्यांदा टोचल्याची तारीख बाटलीवर लिहा. बहुतेक इन्सुलिन त्यानंतर २८ दिवसच वापरायचे असते. नेमकी मुदत सोबतच्या माहितीपत्रकात पाहा. डोस कमी असेल तर औषध उरते आणि टाकताना जीवावर येते, हे मला कळते. पण मुदत संपलेल्या औषधाने साखर वाढली किंवा टोचल्या जागी गळू झाले, तर खर्च त्याहून जास्त होईल.

पुढच्या भेटीत तुमची बाटली आणि सिरिंज डॉक्टरांना जरूर दाखवा. त्यांनी विचारले नाही, तरी तुम्ही विचारा.