खुर्ची गेल्यावर उरतं काय?

जून २०२३ मधली बराक ओबामांची सीएनएनवरची मुलाखत तुमच्याही मोबाइलवर येऊन गेली असेल. पंतप्रधान मोदी तेव्हा अमेरिकेत होते. मोदींशी बोलायची वेळ आली तर भारतातल्या मुस्लिम अल्पसंख्याकांच्या संरक्षणाचा विषय काढायला हवा, अशा अर्थाचं ओबामा बोलले. आमच्या ग्रुपवर ती क्लिप दिवसभर फिरली. खाली ‘माशाअल्लाह’, ‘शेवटी कुणीतरी बोललं’. दोन-तीन दिवसांत निर्मला सीतारामन यांनी सुनावलं की, यांच्याच काळात सहा मुस्लिमबहुल देशांवर बॉम्ब पडले होते. मला दोन्ही बाजू खऱ्या वाटल्या. ओबामांचं म्हणणं चुकीचं नव्हतं आणि येमेन, सोमालियातले ड्रोनही खोटे नव्हते.

पण त्या गदारोळात एक गोष्ट सगळ्यांनी गृहीतच धरली. सहा वर्षांपूर्वी पद सोडलेला माणूस एक वाक्य बोलतो आणि भारताच्या अर्थमंत्र्यांना त्याचं उत्तर द्यावंसं वाटतं. हे वजन येतं कुठून आणि ते खर्च कशावर होतं, हे बघायला हवं.

अमेरिकेत ते व्यवस्थेनंच तयार केलंय. १९५१ पासून तिथल्या घटनेनं दोनदाच निवडून यायची मर्यादा घातली, त्यामुळे क्लिंटन, ओबामा पंचावन्नच्या आसपासच मोकळे झाले. १९५८ च्या कायद्यानं माजी राष्ट्राध्यक्षांना पेन्शन, ऑफिस, कर्मचारी मिळाले. वर पुस्तकांचे करार आणि भाषणांचं मानधन. २००३ मध्ये इराकवर युद्ध लादणारे धाकटे बुश पद सोडल्यावर जखमी सैनिकांची चित्रं काढायला लागले आणि लोकांना ते गोड आजोबा वाटायला लागले. डाग घालवायला याहून स्वस्त साबण नाही.

जिमी कार्टर यांचं खातं वेगळं आहे. १९८० ची निवडणूक ते हरले, १९८२ मध्ये पत्नी रोझलिन यांच्यासोबत कार्टर सेंटर काढलं आणि पुढं नारूच्या मागं लागले. नारू म्हणजे काय ते घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. पाण्यातून पोटात जाणारा आणि वर्षभरानं पायातून बाहेर निघणारा लांबलचक जंत. १९८६ मध्ये जगात अंदाजे ३५ लाख रुग्ण होते, २०२३ मध्ये १४. (भारतातला नारू आपल्याच आरोग्य कर्मचाऱ्यांनी संपवला, २००० मध्ये देश नारूमुक्त जाहीर झाला. तेही श्रेय कार्टरना देऊन टाकू नका.) २००६ च्या ऑक्टोबरअखेरीस ब्याऐंशी वर्षांचे कार्टर लोणावळ्याजवळच्या पाटण गावात हातोडी घेऊन उभे होते. हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटीच्या त्या कामात शंभर घरं बांधली गेली. त्यांना महाराष्ट्र नवा नव्हता. त्यांच्या आई लिलियन यांनी सत्तरीला टेकल्यावर विक्रोळीत नर्स म्हणून काम केलं होतं, १९६० च्या दशकात.

त्याच २००६ मध्ये पॅलेस्टाइनवरच्या पुस्तकाच्या नावातच कार्टरनी ‘अपार्थाइड’ हा शब्द घातला. त्यांच्याच सेंटरच्या सल्लागार मंडळातल्या १४ जणांनी राजीनामे दिले, तरी ते मागे हटले नाहीत. मात्र हेच कार्टर राष्ट्राध्यक्ष असताना तेहरानला जाऊन इराणच्या शहाचं तोंड भरून कौतुक करून आले होते. जीभ सुटली ती खुर्ची सुटल्यावर. म्हणून मी त्यांच्या शब्दांना निम्मे गुण देतो. नारूला आणि पाटणच्या घरांना पूर्ण.

महाराष्ट्रात तर माजी व्हायला कुणी तयारच नसतं. शंकरराव चव्हाण, शिवाजीराव पाटील निलंगेकर, नारायण राणे, अशोक चव्हाण, सगळे मुख्यमंत्री राहून पुन्हा दुसऱ्याच्या मंत्रिमंडळात मंत्री झाले. २०२२ मध्ये फडणवीस शिंदेंचे उपमुख्यमंत्री झाले, २०२४ मध्ये शिंदे फडणवीसांचे. खुर्ची लहान चालते, पण खुर्ची हवी.

यातलं आपल्या समाजाच्या तोंडी कायम असणारं नाव म्हणजे बॅरिस्टर अंतुले, राज्याचे आजवरचे एकमेव मुस्लिम मुख्यमंत्री. जून १९८० ते जानेवारी १९८२, म्हणजे दोन वर्षंही नाहीत. सिमेंट प्रकरणात हायकोर्टाचा निकाल विरोधात गेला आणि राजीनामा द्यावा लागला. त्यांच्या काळात सुरू झालेल्या संजय गांधी निराधार योजनेचे अर्ज आजही तहसील कार्यालयात चालतात, पण ते अंतुलेंचं काम आहे हे रांगेतल्या किती जणांना माहीत असतं? आणि मुख्यमंत्रिपद गेल्यावरची गोष्ट तर आपण सांगतच नाही. २००६ मध्ये केंद्रात अल्पसंख्याक व्यवहार मंत्रालय नव्यानं झालं, त्याचे पहिले मंत्री अंतुले. वय पंचाहत्तरीच्या पुढं. प्री-मॅट्रिक, पोस्ट-मॅट्रिक, मेरिट-कम-मीन्स या शिष्यवृत्त्या त्यांच्याच कारकिर्दीत सुरू झाल्या. इंजिनिअरिंगच्या फीसाठी तो फॉर्म भरलेले कितीतरी जण हे वाचत असतील. प्री-मॅट्रिक पहिली ते आठवीसाठी २०२२ मध्ये बंद झाली तेव्हा आपण ओरडलो, पण ती आणली कुणी हे तेव्हाही आठवलं नाही. ‘आपला माणूस सीएम होता’ एवढ्यावरच आपली छाती फुगते.

कोल्हापूरकरांनी याहून भारी उदाहरण डोळ्यांनी पाहिलंय. प्रा. एन. डी. पाटील १९७८ च्या पुलोद सरकारात सहकारमंत्री होते. ते सरकार १९८० मध्ये गेलं. त्यानंतर २०२२ मध्ये इंतकाल होईपर्यंत, म्हणजे चाळीस वर्षं, हा माणूस रस्त्यावर होता. एन्रॉन, सेझ, कोल्हापूरचा टोल. टोलच्या मोर्च्यात ऐंशी ओलांडलेले सर आणि कॉम्रेड पानसरे पुढं असायचे. त्यांना कुणी ‘माजी मंत्री’ म्हटल्याचं मी फारसं ऐकलं नाही. ‘एन. डी. सर’ एवढंच पुरायचं.

हे वजन उलटंही पडू शकतं, हे आम्हा शाहूवाडीकरांना वेगळं सांगायला नको. १४ जुलै २०२४ ला विशाळगडावरची अतिक्रमणं हटवण्यासाठी हाक दिली ती माजी खासदार संभाजीराजे यांनी. त्याच दिवशी गडाच्या वाटेवरच्या गजापुरात मुसलमानांची घरं फोडली गेली, मशिदीची नासधूस झाली. ते त्यांनी करायला सांगितलं, असा माझा आरोप नाही. पण हजारो लोक एका हाकेवर निघतात, ते कुठल्या पदामुळं नव्हे, नावामुळं. पदावर असणाऱ्याला सभागृहात निदान प्रश्न तरी विचारता येतो. माजीला कुठं विचारायचा?

आता आपल्या गल्लीत या. सॉफ्टवेअर कंपनीत माणूस नोकरी सोडतो त्या संध्याकाळी त्याचा ॲक्सेस बंद होतो. पण त्याआधी काही आठवडे ‘केटी’ चालते, नॉलेज ट्रान्सफर. कुठली फाइल कुठं आहे, कुठला सर्व्हर कधी रुसतो, कुणाला फोन केला की काम होतं, हे सगळं नव्या माणसाला शिकवूनच जायचं. ग्रामपंचायतीत बरोबर उलटं. माजी सरपंचाचा ॲक्सेस चालूच असतो, जीपच्या काचेवर, लग्नपत्रिकेत, उरुसाच्या स्टेजवर. केटी शून्य. आरक्षण फिरतं असल्यामुळं पाच वर्षांत काम कळायला लागतं तोवर ते पद दुसऱ्या प्रवर्गाकडं जातं. निम्म्या जागा बायकांना आहेत, म्हणजे गावोगावी माजी सरपंच आणि माजी सदस्य असलेल्या बायका आहेत. पण जीपवर नाव नवऱ्याचं.

मलकापूर असो, बांबवडे असो की आंबा, जमातीकडं माजी सरपंच, माजी नगरसेवक, निवृत्त तलाठी, मुख्याध्यापक यांची यादी असायला हरकत काय? यांना पुढच्या रांगेत बसवून शाल घालण्यापेक्षा महिन्यातल्या एका जुम्म्याला, नमाजनंतर दोन तास टेबलाशी बसवू. ऑनलाइन फॉर्म भरायला आम्ही पोरं आहोत, लॅपटॉप आणि प्रिंटरही आमचा. पण उत्पन्नाचा दाखला कुठल्या टेबलावर अडतो आणि तिथं काय बोलायचं असतं, ते आम्हाला येत नाही. ते त्यांना येतं. सुरुवात निराधारच्या अर्जांपासून करता येईल, आणि बायकांचे अर्ज माजी सरपंच बाईंनीच बघावेत.