सुन वुकाँग: बंड, पदवी आणि पर्वत

१/ चिनी पुराणकथांतील वानरराज सुन वुकाँग हा बंडखोरीचे प्रतीक मानला जातो. मूळ कथा या प्रतिमेहून कडवट आहे. १५९२ मध्ये छापलेल्या ‘पश्चिमेची यात्रा’ या १०० अध्यायांच्या कादंबरीत त्याच्या बंडाला आरंभीचे अवघे सात अध्याय मिळाले आहेत.

२/ बंडाचे कारण पाहावे. स्वर्गाचा जेड सम्राट या उपद्व्यापी वानराला अश्वशाळेची देखरेख सोपवतो. हे पद सर्वांत खालचे आहे हे कळताच तो संतापून निघून जातो आणि ‘स्वर्गासमान महाऋषी’ म्हणवून घेऊ लागतो. युद्धात तो आवरत नाही, तेव्हा दरबार ती पदवी मान्य करतो. मात्र तिच्यासोबत ना काम, ना वेतन.

३/ पुढे अमरफळांच्या मेजवानीतून वगळल्यावर तो ती उधळून लावतो. सिंहासनाची मागणी येते ती अगदी शेवटी, बुद्धासमोर. तोवरचा झगडा मानाचाच होता.

४/ मग ५०० वर्षे पर्वताखाली बंदिवास. त्यानंतर भारताकडे निघालेल्या ह्युएन त्सांगचा तो रक्षक होतो. मस्तकावर मंत्राने आवळणारे कडे. यात्रेअखेर बुद्धपद मिळते, कडे नाहीसे होते.

५/ १९६१ आणि १९६४ मध्ये शांघायमध्ये दोन भागांत तयार झालेला ‘स्वर्गातील गोंधळ’ हा अ‍ॅनिमेशनपट वानराच्या विजयावरच थांबतो. पर्वत त्यात नाही.

६/ हा शेवट सुखद असला तरी कथेतील खरे शहाणपण गमावतो. आधी क्षुद्र पद, मग पोकळ पदवी, मग पर्वत, अखेरीस सन्मान: सत्ता बंडखोराला कशी पचवते, याचे इतके नेमके चित्र विरळाच.