भांडण विम्यांचे, हाडे प्रवाशाची

१७ जानेवारी २०२५ ला पुणे-नाशिक महामार्गावर नारायणगावजवळ एका प्रवासी व्हॅनला मागून टेम्पोची धडक बसली, व्हॅन पुढे उभ्या असलेल्या एसटीवर आदळली आणि नऊ जणांचा जीव गेला. वाहने तीन, कोणाची चूक किती, यावर वर्षानुवर्षे कीस काढता येतो. याच रस्त्यावर भोसरी-मोशी-चाकणच्या पट्ट्यात शिफ्ट गाठायला शेअर टॅक्सीत बसलेल्या कामगाराचा हात मोडला, तरी हाच वाद उभा राहतो. तो मिटेपर्यंत जखमीने थांबावे, ही विमा कंपन्यांच्या वकिलांची भूमिका मला कायद्याला आणि व्यवहाराला, दोहोंना सोडून वाटते.

त्यांचा पहिला मुद्दा कराराचा. मालकाने विनापरमिट गाडी भाड्याने फिरवली, लायसन्स नसलेल्याच्या हाती दिली, म्हणजे पॉलिसीची अट त्यानेच मोडली. मग आम्ही का भरायचे? मुद्दा वरवर बिनतोड आहे. पण मोटार वाहन कायद्याच्या १४६व्या कलमाने विमा सक्तीचा केला, तो मालकाच्या सोयीसाठी नव्हे. आणि १४७व्या कलमात प्रवासी गाडीतल्या प्रवाशाचा स्पष्ट समावेश आहे. नाशिक फाट्यावर पहाटे गाडीला हात करणारा माणूस चालकाचा बॅज तपासून बसत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये स्वर्णसिंग खटल्यात सांगितले, की लायसन्समध्ये खोट आहे एवढे दाखवून कंपनी सुटत नाही; मालकाची हयगय तिने सिद्ध करायला हवी. ती सिद्ध झाली, तरी आधी जखमीला पैसे द्या आणि मग मालकाकडून वसूल करा, असा आदेश होऊ शकतो. विनापरमिट गाडीबाबतही २०१८ मध्ये हीच वाट धरली गेली. लायसन्सवरच्या वेगळ्या बॅजचा वाद तर ६ नोव्हेंबर २०२४ ला घटनापीठानेच मिटवला : ७,५०० किलोच्या आतली प्रवासी गाडी चालवायला हलक्या मोटारीचे साधे लायसन्स पुरते.

दुसरा मुद्दा, ‘चूक समोरच्या गाडीची, तिकडे जा.’ चूक सर्वस्वी एकाचीच निघाली तर दुसरी कंपनी सुटावी, हे रास्तच. पण बहुतेक धडकांत दोघांचाही वाटा असतो आणि प्रवाशाचा काहीच नसतो. समजा, दहा लाख मंजूर झाले, वाटणी साठ-चाळीस ठरली आणि चाळीसवाल्या गाडीचा विमाच संपलेला निघाला, तर चार लाख कोणाकडे मागायचे? २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्तर दिले आहे : संयुक्त निष्काळजीपणात जखमी पूर्ण रक्कम कोणाही एकाकडून घेऊ शकतो. हिशेब त्यांनी आपापसांत करावा.

कंपन्यांची बाजू खरोखर भक्कम आहे ती दोनच ठिकाणी. पासिंगपेक्षा जास्त माणसे कोंबली, तर सर्वोच्च न्यायालयाच्या २००७ च्या निकालानुसार कंपनीची जबाबदारी पासिंगच्या संख्येइतकीच राहते. आणि मालवाहू पिकअपच्या हौद्यात बसलेल्या प्रवाशाला सक्तीच्या विम्याचे छत्र नाही, हे २००२ पासून ठरलेले आहे. इथे कायदाच तोकडा आहे, तो संसदेने बदलावा. पण म्हणून हे अपवाद साध्या टॅक्सीच्या दाव्यापर्यंत ताणण्याचे कारण नाही.

राहिला हप्त्याचा प्रश्न. ‘हा भार शेवटी प्रामाणिक गाडीवाल्यांवर पडतो, आणि थर्ड पार्टीचा हप्ता तर सरकार ठरवते,’ असे म्हटले जाते. खरे आहे, पण प्रत्येक गाडीवाल्याला विमा कंपनीचे गिऱ्हाईक व्हायला भाग पाडणारेही सरकारच आहे. शिवाय वसुलीसाठी कंपनीला वेगळा दावा लावावा लागत नाही. जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीसारखे पैसे वसूल करता येतात. मालकाचा माग काढायला तिच्याकडे वकील आहेत, तपासनीस आहेत. प्लास्टरमधल्या हाताने हे काम प्रेस शॉपमधल्या कंत्राटी कामगाराने करावे, असे म्हणणे केवळ निर्लज्जपणाचे आहे.

म्हणून जखमींना आणि त्यांच्या घरच्यांना एवढेच सांगणे : भरपाईच्या अर्जात दोन्ही गाड्यांचे मालक आणि दोन्ही विमा कंपन्या सामनेवाले करा. अर्ज पुण्यातच करावा लागतो असे नाही. तुम्ही लातूर-नांदेडला राहत असाल, तर तिथल्या मोटार अपघात दावे न्यायाधिकरणातही तो चालतो. मात्र १ एप्रिल २०२२ पासून कायद्यात अर्जासाठी सहा महिन्यांची मुदत पुन्हा आली आहे. ती अपघाताच्या दिवसापासून मोजली जाते.