भिंगाचे आवरण आणि दर्शनाची शुद्धता

फाल्गुन वद्य षष्ठी जवळ येऊ लागली की पैठणच्या वाटा दिंड्यांनी गजबजू लागतात. शके १५२१ मध्ये याच तिथीस शांतिब्रह्म श्रीएकनाथ महाराजांनी गोदामाईच्या कुशीत देह ठेवला. षष्ठी, सप्तमी आणि अष्टमी असे तीन दिवस हा सोहळा चालतो व काल्याने त्याची सांगता होते. या सोहळ्यात टाळ, मृदंग आणि पताका यांच्या जोडीला अलीकडे घरोघरून आणखी एक वस्तू येऊ लागली आहे, ती म्हणजे कॅमेरा. कोणाच्या गळ्यात तो मोठ्या भिंगासह लटकतो, तर कोणाच्या हातातील भ्रमणध्वनीतच तो दडलेला असतो. या नव्या पाहुण्याविषयी चार शब्द सांगावेत, म्हणून आम्ही आज लेखणी हाती घेतली आहे.

कीर्तनकाराने छायाचित्रणाविषयी लिहावे, याचे कोणास नवल वाटेल. परंतु नाथांच्या चरित्राचा विचार केला तर ते वाटू नये. शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ च्या सुमारास, नाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. नकलाकारांच्या हातून पिढ्यान्‌पिढ्या शिरलेले अपपाठ त्यांनी निवडून दूर केले. मूळ जसे होते तसेच पुढच्या पिढीच्या हाती जावे, हा त्या श्रमामागील हेतू होता. आजचे छायाचित्र हीही एक प्रतच आहे. अंथरुणास खिळलेल्या आजीला पालखीचे दर्शन त्या प्रतीतूनच घडते; वडिलांची अखेरची वारी नातवंडांस त्या प्रतीतूनच कळते; जीर्ण पोथीचे पान फाटून जाण्यापूर्वी तिच्यातच टिपून ठेवले जाते. ती प्रत अशुद्ध निघाली तर पुन्हा काढण्याची संधी बहुधा मिळत नाही. म्हणून भिंगाची निगा ही केवळ हौशी लोकांची बाब नसून तो प्रतीच्या शुद्धतेचा प्रश्न आहे, असे आमचे मत आहे.

उत्सवात भिंगाचे शत्रू थोडे नसतात. मराठवाड्यातील फाल्गुनाचे ऊन आणि हजारो पावलांनी उडालेली धूळ तर ठरलेलीच. त्या धुळीत वाळूचे जे सूक्ष्म कण असतात ते भिंगाच्या काचेहून कठीण असतात. त्यात गुलालाची मूठ उधळली जाते, काल्याच्या दह्याचे शिंतोडे उडतात, नारळ फोडताना पाणी उडते आणि गाभाऱ्यातील धूप-दीपांच्या धुराचा तेलकट थर काचेवर बसतो. भिंगाच्या दर्शनी पृष्ठावर परावर्तन कमी करणारा एक अतिशय पातळ लेप असतो. १९३५ मध्ये जर्मनीतील झाइस कंपनीच्या अलेक्झांडर स्माकुला यांनी ही विद्या सिद्ध केली. या लेपाची जाडी प्रकाशाच्या तरंगलांबीच्या अंशाइतकी असते. धुळीने भरलेले भिंग उपरण्याच्या टोकाने पुसणे म्हणजे त्या लेपावर वाळू घासणेच होय.

यावर तीन उपाय प्रचलित आहेत : टोपण, हूड आणि फिल्टर. टोपणाविषयी वाद नाही. चित्र टिपायचे नसेल तेव्हा टोपण लावलेले असावे. ते हरवू नये म्हणून बारीक दोरीने बांधून ठेवावे. हूड म्हणजे भिंगाच्या पुढे बसविलेले छोटे छत्रच. बाजूने येणारे ऊन भिंगावर पडले की ते आतल्या काचांमध्ये इकडून तिकडे परावर्तित होते आणि चित्र फिकट पडते. हूड त्या उन्हाला अडविते. शिवाय गर्दीत कोणाचा कोपर वा पताकेची काठी लागली तर पहिला आघात तेच सोसते. आणि हे सर्व करताना ते भिंग व देव यांच्या मध्ये येत नाही. पुष्कळ जण मात्र हूड उलटे बसवून तसेच फिरत असतात. ती रीत पिशवीत ठेवताना जागा वाचावी म्हणून आहे. उलट्या हूडाने ना सावली मिळते ना संरक्षण. पाकळ्यांच्या आकाराचे हूड असेल तर त्याच्या लांब पाकळ्या वर आणि खाली याव्यात, अन्यथा चित्राचे कोपरे काळे पडतात.

खरा वाद आहे तो फिल्टरचा. दुकानात भिंगाबरोबर यूव्ही फिल्टर घेण्याचा आग्रह होतो आणि एकदा बसविलेला तो फिल्टर वर्षानुवर्षे निघत नाही. फिल्म वापरात होती तेव्हा अतिनील किरण अडविण्यास त्याचा उपयोग होत असे. आजच्या डिजिटल कॅमेऱ्यातील संवेदकावरच तशी योजना असल्याने हे कारण आता फारसे उरलेले नाही. उरले आहे ते केवळ संरक्षण. संरक्षण म्हणून त्याचे मोल आम्हांस मान्य आहे. गुलाल उधळला जात असताना, काल्याच्या वेळी वा वाळवंटात वारा सुटलेला असताना फिल्टर अवश्य असावा. काही बिघडले तर ती पातळ काच बदलता येते. परंतु तो सदासर्वदा असावा, हे मात्र आम्हांस मान्य नाही.

याचे कारण आरतीच्या वेळी दिसते. गाभाऱ्यात अंधार असतो आणि निरांजनाच्या ज्योती प्रखर असतात. साध्या काचेचे प्रत्येक पृष्ठ सुमारे ४ टक्के प्रकाश परतविते, आणि सपाट फिल्टरला अशी दोन पृष्ठे असतात. ज्योतींचा प्रकाश भिंग आणि फिल्टर यांच्यामध्ये परावर्तित होऊन चित्राच्या विरुद्ध बाजूस त्या ज्योतींची पुसट, उलटी छाया उमटते. देवाच्या मुखावर नसलेल्या ज्योती दिसू लागतात. वेदान्तात मायेच्या दोन शक्ती सांगितल्या आहेत : आहे ते झाकणारी आवरणशक्ती आणि नाही ते दाखविणारी विक्षेपशक्ती. स्वस्त फिल्टर ही दोन्ही कामे एकदम करतो. उत्तम, बहुस्तरीय लेपाच्या फिल्टरने हा दोष पुष्कळ घटतो, पण पूर्णपणे जात नाही. म्हणून आरतीपूर्वी फिल्टर काढून ठेवावा आणि हूड तेवढे राहू द्यावे.

संरक्षक थर कायमचा ठेवल्याने काय होते, याचे मोठे उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. अजिंठ्याच्या लेण्यांतील चित्रांचे पापुद्रे सुटू लागले, तेव्हा निजाम सरकारने १९२० ते १९२२ या काळात लोरेन्झो चेक्कोनी प्रभृती इटालियन तज्ज्ञांस पाचारण केले. सुटणारा रंग भिंतीस धरून राहावा म्हणून त्यांनी लाखेचा रोगण वापरला. त्यापूर्वी चित्रांच्या नकला करणाऱ्यांनीही ती स्पष्ट दिसावीत म्हणून रोगण फिरविले होते. हेतू शुद्ध होता आणि रंग वाचविण्याचे काम त्या रोगणाने काही अंशी केलेही. परंतु काळाच्या ओघात तो पिवळा पडला, त्याने धूळ धरली आणि मूळ रंग झाकोळून गेले. पुढे भारतीय पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांस तो थर जपून, तसूतसूने उतरवीत बसावे लागले. रक्षणासाठी घातलेले आवरण केव्हा काढावे याचा विवेक नसेल, तर ते आवरणच दोष होऊन बसते.

कोणी म्हणेल, एवढी घाई असताना फिल्टर काढा-घाला कोणी करावे? आमचे उत्तर असे की, सोवळे केव्हा नेसावे आणि केव्हा उतरवावे हे ज्या घरांत लहान मुलासही कळते, तेथे हे अवघड नाही. घेताना एवढेच पाहावे की भिंगाच्या कडेवर ५२, ५८, ६७ असा जो मिलीमीटरचा आकडा छापलेला असतो, त्याच मापाचा फिल्टर व टोपण घ्यावे.

स्वच्छतेचाही क्रम आहे. प्रथम रबरी फुग्याच्या ब्लोअरने धूळ उडवावी. तोंडाने फुंकू नये, थुंकीचे शिंतोडे पडतात. मग मऊ कुंचल्याने कण झाडावेत. डाग उरलाच तर भिंगासाठी मिळणाऱ्या द्रावणाचे दोन थेंब मऊ कापडावर घ्यावेत, काचेवर थेट टाकू नयेत, आणि मध्यापासून कडेकडे हलक्या हाताने पुसावे. गुलाल तर आधी कधीच पुसू नये. तो उडवूनच काढावा. भ्रमणध्वनीच्या भिंगास टोपण नसते, म्हणून त्यास किंचित उंच कडेचे कव्हर घालावे, आणि कुंकू-तेलाच्या बोटांचे ठसे चित्र घेण्यापूर्वी स्वच्छ कापडाने काढावेत. घरोघरीच्या धूसर छायाचित्रांमागे बहुधा हे ठसेच असतात.

उत्सव सरला की कॅमेरा कपाटात जातो, आणि पावसाळ्यात दुसरा शत्रू येतो. दमट, अंधाऱ्या जागी भिंगाच्या आत बुरशीचे जाळे धरते व ती काच कायमची कोरते. चामड्याच्या पिशवीत ओल धरून राहते. त्यापेक्षा घट्ट झाकणाचा डबा आणि त्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या बऱ्या.

प्रत नाजूक असते, हे अजिंठ्यानेच आपणांस शिकविले आहे. १८४४ मध्ये नेमणूक झालेल्या रॉबर्ट गिल यांनी कित्येक वर्षे लेण्यांत बसून त्या चित्रांच्या नकला केल्या. त्यांतील बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत जळाल्या. माणसाने काढलेली प्रत माणसालाच जपावी लागते, आणि तिची जपणूक ती निर्माण होण्यापूर्वीच, भिंगापासून सुरू होते.

अखेर एक विनंती. जेथे छायाचित्रणास मनाई आहे, किंवा अजिंठ्याप्रमाणे फ्लॅश वर्ज्य आहे, तेथे तो नियम मनापासून पाळावा. अशा गाभाऱ्यात टोपण लावलेले भिंग हेच सर्वांत शोभणारे भिंग होय. तेथे देवाने दिलेले डोळे पुरेसे आहेत.